ते पत्र फाडू नकोस, बालाजी

औसा, जि. लातूर
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय बालाजी,

सप्रेम नमस्कार. परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "जाऊ दे दिगू, सोहमच्या साखरेच्या सेन्सरला विमावाल्यांनी नाही म्हटलं, विषय मिटला." तुझ्याजवळच सोहम जागा होता, त्याचा आवाज येत होता, म्हणून मी पुढं काही बोललो नाही. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागेना. आज रविवार, दुकान बंद आहे, तर निवांत लिहायला बसलोय. पत्र लांबेल. पण सगळं वाच, आणि नकाराचं ते पत्र फाडलं नसशील तर जपून ठेव.

सोहमसारखाच टाइप वन मधुमेह (शरीरात इन्सुलिन बनत नाही, रोज टोचून घ्यावं लागतं) आमच्या श्रावणीला आहे, पण तिचं तुला तुटक तुटकच माहीत आहे. सगळं मी कुणालाच सांगितलं नाही. गेल्या वर्षी ३० डिसेंबरला येळवस, म्हणजे वेळा अमावस्या होती. वावरात कडब्याची कोप घातली, पूजा झाली, भज्जी-आंबील-उंडे खाऊन पोरं दिवसभर झोक्यावर आणि तुरीच्या पाटांतून पळत होती. श्रावणीनं इन्सुलिन वेळेवर घेतलं होतं, पोटभर जेवली होती. झोपताना बोट टोचून साखर बघितली तर १३२. आम्ही निर्धास्त झोपलो. पहाटे तीनला सुरेखाचा हात तिच्या अंगावर पडला, तर अंथरूण घामानं भिजलेलं. हाका मारल्या, ओ नाही. दातखीळ बसली होती, हातपाय झटके देत होते. स्ट्रिपवर आकडा आला ३८, साखर पार उतरलेली. औसा ते लातूर वीस किलोमीटर, रोजची वाट आहे आपली. त्या पहाटे ती सरता सरेना. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा कुठं लेकरानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. दिवसभर पळापळ झाली की स्नायू पुढं कितीतरी तास रक्तातली साखर ओढत राहतात. झोपतानाचा आकडा चांगला असला म्हणून पहाटेची खात्री धरता येत नाही. दिवसातून आठ वेळा टोचलं तरी ते आठ क्षणांचे आकडे. मधल्या वेळात काय चाललंय ते कळतच नाही. म्हणून सेन्सर. तो दंडावर चौदा दिवस बसतो आणि कातडीखालच्या द्रवातली साखर मोजत राहतो. रक्तापेक्षा काही मिनिटं मागं असतो हे खरं. पण साखर ७० च्या खाली जायला लागली की उशाचा फोन वाजतो, आणि सुरेखा उठून पंधरा ग्रॅम ग्लुकोज पाजते. या वर्षात असं किती वेळा झालं ते मोजणं मी सोडून दिलंय. ज्या घरात हे होतं त्या घराला सेन्सर म्हणजे उपचार नाही असं कुणी लिहून पाठवलं, की काय वाटतं ते तुला वेगळं सांगायला नको.

आमच्या पॉलिसीत दवाखान्यात राहण्याचा खर्च मिळाला. तिचा आजार कळायच्या आधीपासूनची पॉलिसी आहे, त्यामुळं 'आधीचा आजार' हा मुद्दा निघालाच नाही. डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्चही पॉलिसीत होता. डिस्चार्ज कार्डावर सेन्सर लिहिलेला होता. मी बिलं जोडून मार्चमध्ये क्लेम टाकला आणि एप्रिलमध्ये तीन ओळींचं पत्र आलं: हे घरी वापरायचं टिकाऊ उपकरण आहे, निरीक्षणासाठी आहे, उपचार नाही, म्हणून देय नाही.

मी ते पत्र दुकानातल्या खणात टाकून दिलं. महिनाभर तिथंच होतं.

बालाजी, मी कृषी सेवा केंद्र चालवतो. पीक विम्याचे किती अर्ज माझ्या काउंटरवर भरले जातात! नुकसान झालं की ७२ तासांत कळवा, फोटो काढा, पावती जपून ठेवा, हे मीच लोकांना ओरडून सांगत आलोय. एक दिवस गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाबांचा पीक विम्याचा नकार आला. मी त्यांना विचारलं, "कोणत्या नियमानं नाकारलं ते कागदावर लिहिलंय का?" आणि विचारता विचारताच माझ्याच खणातलं पत्र आठवलं. माझ्या पत्रात तरी कलम कुठं लिहिलं होतं?

तिथून मी सुरुवात केली. तूही तिथूनच कर.

विम्याचा नियामक आयआरडीएआय, त्यानं २९ मे २०२४ ला आरोग्य विम्याचं परिपत्रक काढलंय. क्लेम नाकारायचा तर विमा कंपनीच्या तीन जणांच्या समितीची मंजुरी लागते, आणि नकारात पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते, असं त्यात आहे. मी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल टाकला: कोणत्या कलमानुसार नाकारलं आणि समितीची मंजुरी कधी झाली, ते कळवा. मग संध्याकाळी बसून पॉलिसीचं पुस्तक वाचलं. बत्तीस पानं, सगळं इंग्रजी. सुरेखा शब्दकोश घेऊन शेजारी बसली होती.

त्यात 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार' याची व्याख्या आहे. ती नियामकानं सगळ्यांसाठी ठरवून दिलेली आहे, तुझ्याही पॉलिसीत असणार. आजाराच्या वैद्यकीय व्यवस्थापनासाठी ते लागलं पाहिजे. सुरक्षित आणि पुरेशा उपचाराला जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त नको. डॉक्टरनं लिहून दिलेलं पाहिजे. आणि वैद्यकशास्त्रात मान्य असलेल्या पद्धतीला धरून पाहिजे. त्यातला 'व्यवस्थापन' हा शब्द मी पेनानं गोल केला. टाइप वनच्या लेकराला साखर न बघता इन्सुलिन देताच येत नाही. डोस आकड्यावर ठरतो. मग आकडा बघणं उपचाराच्या बाहेर कसं राहील? आणि 'टिकाऊ उपकरण' म्हणावं तर ते चौदा दिवसांनी काढून टाकायचं असतं, सलाईनच्या नळीसारखं. हे दोन मुद्दे मी साध्या भाषेत लिहिले. वकील लावला नाही.

खरं वजन पडलं ते डॉक्टरांच्या पत्राचं. पहिल्यांदा मी त्यांच्याकडून एका ओळीचं आणलं होतं: सेन्सरचा सल्ला दिला आहे. त्याला कोण विचारतो? दुसऱ्यांदा गेलो तेव्हा व्याख्येतले चारही मुद्दे कागदावर उतरवून नेले आणि म्हटलं, साहेब, यातल्या एकेकाचं उत्तर द्या. त्यांनी पान भरून लिहिलं. दिवसाला चार इंजेक्शनं, झटके येऊन भरती, साखर उतरल्याचं लेकराला स्वतःला कळत नाही, झोपेत तर मुळीच नाही. सेन्सर लावायच्या आधीच्या महिन्याची टोचून घेतलेल्या आकड्यांची वही त्यांनी जोडायला सांगितली आणि नंतरचा चौदा दिवसांचा आलेखही. त्या आलेखात दिवसातला किती टक्के वेळ साखर ७० ते १८० मध्ये राहिली आणि किती वेळ ७० च्या खाली गेली ते सरळ दिसतं. बालमधुमेहाची आंतरराष्ट्रीय संस्था इस्पॅड हिच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत टाइप वनच्या सगळ्या लेकरांसाठी सेन्सर सुचवलाय. त्याचं पानही त्यांनीच काढून दिलं. डॉक्टरांकडं वेळ नसतो हे खरं आहे. पण तयार प्रश्न घेऊन गेलास तर ते लिहून देतात.

तक्रार अधिकाऱ्यानं मे अखेर पुन्हा नाहीच म्हटलं. मात्र या वेळी कलम लिहून दिलं, आणि पुढं तेच उपयोगी पडलं. जूनमध्ये मी विमा लोकपालाकडं गेलो, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्याकडं. आपल्या मराठवाड्याला पुण्याचं कार्यालय आहे, नारायण पेठेत. फी नाही, वकिलाची गरज नाही. विमा कंपनीनं आपली तक्रार फेटाळल्यापासून, किंवा तक्रार करून महिनाभर उत्तरच आलं नाही तर त्यानंतर, वर्षाच्या आत अर्ज करायचा. निवाडा विमा कंपनीला बंधनकारक असतो. पुण्याला जावं लागेल म्हणून मी दोन आठवडे टाळलं होतं, पण सुनावणी व्हिडिओवर झाली. सप्टेंबर होता. तेरणा-मांजरा फुगलेल्या, गावात धड लाईट नाही, रेंज नाही. लातूरला ताईकडं जाऊन बसलो. समोर विमा कंपनीचा माणूस, मध्ये लोकपाल साहेब. त्यांनी मला एवढंच विचारलं, "सेन्सर नसता तर डोस कसा ठरवला असता?" मी त्या पहाटेचं सांगितलं. आवाज कापत होता, पण सांगितलं.

ऑक्टोबरात निवाडा आला. पाचपैकी चार सेन्सरचे पैसे मिळाले, साधारण वीस हजार. पाचव्याचं बिल ६३व्या दिवसाचं होतं, कारण मेडिकलवाल्याकडं माल आला नव्हता, ते गेलं. आणि साठ दिवसांनंतरचं काहीच मिळत नाही, हेही तुला स्पष्ट सांगतो. वर्षाला सव्वीस सेन्सर, सव्वा लाखाच्या वर खर्च, तो आम्हीच काढतोय. सोयाबीनचा भाव तुला माहीत आहे. दवाखान्यात भरती झाली नाही तर बहुतेक पॉलिसी या आजाराकडं बघतही नाहीत, ही मोठी उणीव आहे, आणि त्याबद्दल मी आता नियामकाला वेगळं लिहिणार आहे.

तुझं माझ्यापेक्षा बरं आहे. तुझी वाळूजच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे आणि तिच्यात ओपीडीचा खर्च धरलाय, असं तूच सांगितलंस. म्हणजे तुला साठ दिवसांची अडचण नाही. पण ग्रुप पॉलिसीचं पुस्तक कामगाराच्या हातात सहसा नसतं. तू टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, फोनवरच्या मुलीचं ऐकलंस. एचआरकडून पूर्ण पॉलिसी मागून घे, ओपीडीचं पान आणि वगळलेल्या गोष्टींचं पान मला पाठव. नकाराचं कलम लेखी मागून घे, फोनवरचं चालत नाही. पत्रावरची तारीख आधी बघ आणि कंपनीकडं तक्रार लवकर टाक, लोकपालाकडं जायचं वर्ष त्या तक्रारीच्या नकारापासून मोजलं जातं.

वहिनींनी "लेकराच्या आजारावर पैसे मागत फिरायचं का" असं म्हटल्याचं तू सांगितलंस. सुरेखाही तेच म्हणायची. पण हप्ता आपण वेळेवर भरलाय, भीक मागत नाही आपण. त्यांना सुरेखाशी बोलायला सांग. रात्री दोनला फोन वाजतो तेव्हा उठणाऱ्या दोघी आहेत त्या, त्यांचं त्यांना चांगलं कळेल.

यंदा येळवस १९ डिसेंबरला आहे. सोहमला आणि वहिनींना घेऊन ये. श्रावणीचा सेन्सर दंडावर असेल, झोका बांधू, आणि रात्री इथंच राहा. येताना सोहमची आकड्यांची वही आणि ते पत्र घेऊन ये. तुझा अर्ज आपण दोघं मिळून लिहू.

तुझा,
दिगंबर