विन्याला, गादीबद्दल

कराड,
११ ऑगस्ट

प्रिय विन्या,

तुझं पत्र फेब्रुवारीत आलं, त्याला उत्तर नाही. मग दोनदा फोन आला, तो सुमननं घेतला आणि मी आंघोळीला गेलोय म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी मी खरंच आंघोळीला गेलो होतो. पहिल्या वेळी शेजारी बसून खुणा करत होतो. तुझा आवाज ऐकला असता तर सगळं भडाभडा बोललो असतो, आणि तू हसला असतास. आता हस, चिपळूणहून इथवर ऐकू येणार नाही.

तब्येत बरी. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा दिवाळीनंतर. सुमनचे गुडघे आहेत तसेच.

तर ऐक. गेले सात महिने मी चुंबकाच्या गादीवर झोपतोय.

हो, मीच. गावोगाव विज्ञान सांगत फिरलेल्या १९८७च्या जन विज्ञान जत्थ्यात पाटणच्या चौकात पेटता कापूर जिभेवर ठेवून दाखवणारा, तोच. डिसेंबरात कंबर धरली. बूट घालायला वाकलो आणि तसाच राहिलो, सुमननं आणि दूधवाल्यानं मिळून पलंगावर ठेवला. एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलीय. सुमननं हे तिच्या मावसबहिणीला फोनवर सांगितलं, आणि आठ दिवसांत मणक्यातली सरकलेली गादी जागेवर आणायला पलंगावर दुसरी गादी आली. किंमत एक लाख पस्तीस हजार. मी तेव्हा उताणा पडून छताकडे बघत होतो. त्या अवस्थेत माणूस पंख्यालासुद्धा नवस बोलेल.

गादी आणणारा मुलगा चुणचुणीत, आपल्या शेवटच्या बॅचच्या पोरांइतका. म्हणाला, "सर, रक्तात लोह असतं की नाही?" मी म्हटलं, असतं, सगळ्या शरीरात मिळून चारेक ग्रॅम. "मग चुंबक त्याला ओढणार की नाही?" विन्या, पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं रे. हिमोग्लोबिनमधलं लोह म्हणजे खिळा नव्हे, प्राणवायू घेतलेल्या रक्ताला तर चुंबक उलट किंचित दूर सारतं, हे मी झोपेत सांगेन. पत्रकावर चुंबकाचा जोर ८०० गॉस लिहिलेला. आठ दिवसांपूर्वी ज्या नळकांड्यात मला घातलं होतं ते दीड टेस्लाचं, म्हणजे १५,००० गॉसचं. वीसएक पट जोराच्या चुंबकात मी पंचवीस मिनिटं निपचित पडून आलो, वर साडेसहा हजार मोजले, आणि कंबर तसूभर हलली नाही. हे सगळं तोंडावर आलं होतं. पण सुमन दारात उभी होती, हातात चेकबुक, आणि तिच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा जरा तजेला दिसला. मी म्हटलं, ठेवा.

आणि कंबर थांबली. दोन महिन्यांत पूर्ण.

आता तू म्हणशील, पद्या, कारणं काढ. काढली. एक तर गादीबरोबर एक छापील कागद आला: रात्री दहाला दिवा बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, उठल्यावर कोमट पाणी, अर्धा तास चालणं, पालथं पडून दोन व्यायाम. सुमननं तो फ्रिजवर चिकटवला आणि अक्षरशः पाळायला लावला. दुसरं, आमची जुनी कापसाची गादी गेली, जिच्यात मधोमध माझ्या आकाराची विहीर झाली होती. तिसरं, असली कंबर बहुतेकांची दीड ते तीन महिन्यांत आपली आपण उतरते. आणि असली वस्तू माणूस घेतो कधी, तर दुखणं टोकाला पोचल्यावर. टोकावरून पुढची वाट उताराचीच. चुंबकाला यात करायला काही शिल्लकच नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी दहाला दिवा बंद झाला की मी त्या गादीवर अगदी नेम धरून त्याच जागी पाठ टेकायचो. खोटं कशाला सांगू.

इथवर सगळं घरातलं. गुढीपाडव्यानंतर सुमन गादीच्या कंपनीच्या मीटिंगला जायला लागली. मंगल कार्यालय, पन्नास-साठ खुर्च्या, वडा आणि चहा. एकाचा हात आडवा धरून खाली दाबतात, तो पडतो. मग दुसऱ्या मुठीत चुंबक देऊन दाबतात, पडत नाही. दाबणाऱ्यानं जोर कुठं लावला एवढंच बघायचं, पण कुणी बघत नाही. मी शेवटच्या रांगेत वड्याशी मतलब ठेवून बसलो होतो. तर माइकवरून, "आपल्यात फिजिक्सचे सर बसलेत, दोन शब्द." ढकलून पुढे नेलं. मी काय बोललो असेन? एकच वाक्य. "माझी कंबर आता दुखत नाही."

खरं वाक्य. त्यात एक अक्षर खोटं नाही. आणि विन्या, आयुष्यात इतकं मोठं खोटं मी बोललो नाही. टाळ्या काय पडल्या! जत्थ्यात आपल्याला कधी तेवढ्या पडल्या नव्हत्या, तिथं तर एकदा टमाटा पडला होता, तो तुला लागला.

तळमजल्यावरचे माने टाळ्यांत होते. एसटीतून रिटायर झालेले, भला माणूस, गणपतीत मखर तेच करतात. त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून गादी घेतली. कंपनीच्या साखळीत सुमनच्या खाली त्यांचं नाव लागलं, तिला कमिशनही आलं, त्यातून तिनं मला नवा चष्मा केला. ज्या चष्म्यातून हे लिहितोय तो. जूनमध्ये माने पेढे घेऊन वर आले. "सर, महिना झाला, बीपीची गोळी बंद!" पेढा माझ्या तोंडात होता. मी आतून माझं मशीन आणलं, त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. १७८ वर १०६. पुन्हा घेतलं. १८० वर १०४. त्यांनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "पण सर, तुम्हीच तर झोपताय तिच्यावर."

रिक्षा करून त्यांना डॉक्टरकडे नेलं. गोळी परत चालू केली, आता १४०च्या आत असतं, रोज सकाळी मी खाली जाऊन घेतो. गोळ्या बंद करा असं मीटिंगमध्ये कुणी म्हणत नाही हं. "हळूहळू सुटतात" एवढंच म्हणतात, तेही तोंडी, दोन खुर्च्यांच्या मधून. रक्तदाब, मधुमेह असल्या दुखण्यांवर गुण येतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे ना, म्हणून कागदावर नुसतं "आरोग्य आणि ऊर्जा". कायदा त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे.

त्या रात्री झोप नाही. चुंबक असून! मग मी जे केलं ते तुलाच सांगतोय, पत्र वाचून झाल्यावर फाड.

पाटणला तू सांगायचास ती हेगार्थची गोष्ट आठवते? अमेरिकेतल्या पर्किन्सनं १७९६ला धातूच्या दोन सळ्यांचं पेटंट घेतलं, दुखऱ्या जागेवर फिरवल्या की दुखणं ओढून काढतात म्हणून. इंग्लंडात बाथ गावी हेगार्थ डॉक्टरनं १७९९ला तशाच सळ्या लाकडाच्या करवल्या, वरून धातूसारखा रंग. पाच रोगी, चौघांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी अस्सल सळ्या फिरवल्या, गुण तेवढाच. तू हे सांगताना खिशातून पेन्सिल काढून समोरच्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर फिरवायचास.

सुमन माहेरी गेली तशी मी गादीची चेन उघडली. आत फोममध्ये खाचा, खाचांत काळी गोल चुंबकं. एकावर टाचणी धरली, चिकटली. मधे चादर दुमडून धरली, चौथ्या घडीला टाचणी पडली. म्हणजे फोम, खोळ, चादर, सदरा ओलांडून आमच्या मणक्यापर्यंत काय पोचत असेल ते बघ. माझ्या बाजूची अठराच्या अठरा काढली. पंधरा दिवस झोपलो, कंबर ठणठणीत. पण हा काही प्रयोग नव्हे, मला ठाऊक होतं ना. तू असतास तर लगेच म्हणाला असतास.

म्हणून मग तिच्या बाजूची काढली.

नुसत्या खाचा ठेवल्या तर हाताला लागतील. बरोब्बर त्या मापाचं घरात काय असेल? माळ्यावरून आपला विलिंग्डनच्या हॉस्टेलचा कॅरम काढला. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या. थोड्या सैल बसल्या, कापूस लावला. बायको गेली अडतीस वर्षं माझ्यावर विश्वास ठेवून झोपतेय आणि मी तिच्या पाठीखाली सोंगट्या भरतोय, हे करताना मला एकाच वेळी हसू येत होतं आणि हात कापत होते.

ती आली, झोपली, सकाळी उठून म्हणाली, "माहेरी चार दिवस नुसती तळमळ. आपल्या गादीवर कशी गाढ लागली!" आज एकवीस दिवस झाले. रोज गाढ.

हा निकाल मी कुणाला दाखवू? मान्यांना दाखवावा, तर सुमन खोटी पडते. सुमनला सांगावं, तर तिची झोप जाते. आणि तुला म्हणून सांगतो, तिची ती झोप मलाही हवी आहे.

आता ती गोष्ट. तुला वाटत असेल मी टाळणार. माईंच्या उशाखालची बाटली. १९९४, तुमची ओटी, आणि मी तिथं खाटेच्या कडेला बसून माईंना सांगतोय की या होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या नुसती साखर आहे, शंभरात एक असं बारा वेळा पातळ केलं की मूळ औषधाचा एक रेणू उरणं मुश्किल, आणि हे तर २००, म्हणजे दोनशे वेळा पातळ केलेलं आहे. रेणू मोजणारा ॲव्होगॅड्रो माईंच्या अंथरुणावर! त्या काही बोलल्या नाहीत, बाटली उशाखालून काढून कोनाड्यात ठेवली. तू मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आलास आणि म्हणालास, "तिला रात्री झोप लागत होती रे." मग दोन वर्षं तू बोलला नाहीस. मी म्हणायचो, विन्या चळवळ सोडून भोंदू झाला. माझं गणित बरोबर होतं, आजही आहे. पण त्या बाटलीपायी त्यांची एकही खरी गोळी सुटली नव्हती, हृदयाचं औषध त्या वेळेवर घेतच होत्या. मी फक्त बाटली काढून घेतली.

परवा रात्री फोनवर एक वाचलं. हार्वर्डच्या केप्चकनं २०१०ला पोटाच्या जुनाट तक्रारीच्या ८० जणांवर केलेलं काम. गोळी देताना स्वच्छ सांगायचं की यात औषध नाही. तीन आठवड्यांनी गोळीवाल्यांतल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम, काहीच न दिलेल्यांत ३५ टक्क्यांना. दोनदा वाचलं. पण त्यांच्याजवळ डॉक्टर बसले होते, वेळ देऊन बोलले होते, अशा गोळीनंही बरं वाटू शकतं आणि ते कसं, हे समजावून दिलं होतं. मी तसा कधी कुणाजवळ बसलो? वर्गात घंटा व्हायच्या आत संपवायची सवय.

वहिनींना सांग, रेकीचा क्लास काढला तेव्हा मी पाठवलेलं कात्रण त्यांनी चुलीत घातलं ते बरं केलं. ती एमिली रोझा, नऊ वर्षांची पोर, हाताला दुसऱ्याची ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या २१ जणांना पुठ्ठ्याआड हात धरून विचारते, माझा हात तुमच्या कुठल्या हातावर आहे, आणि २८० वेळांत १२३ वेळा बरोबर येतं, नाणं उडवलं तर याहून बरं. प्रयोग फर्मास, १९९८ला छापूनही आला. पण वहिनींनी उलट टपाली लिहिलं होतं, "भावोजी, ती रेकी नव्हे, थेरप्युटिक टच. कात्रणं पाठवण्याआधी वाचत जा." बरोबर होतं त्यांचं. सव्वीस वर्षांनी कबूल करतो.

मान्यांचं ठरवलंय. रविवारी त्यांच्याकडे जाणार, सोंगट्यांचं सांगणार, आणि कंपनीला गादी परत द्यायला त्यांच्या बरोबर जाणार. परत घेतली नाहीच तर कर्जाचे निम्मे हप्ते माझ्या पेन्शनीतून. सुमनला मात्र त्याआधी सांगायला हवं, खालून कळता कामा नये. म्हणजे शनिवार. काय वाक्यानं सुरुवात करू? तू माईंना आणि मला दोघांनाही सांभाळलं होतंस, तुला जमतं. फोन कर, या वेळी मी उचलीन. मीटिंग बुधवारी असते, सहा ते साडेआठ ती घरी नसते.

तुझं काय? पमीची बाळंतीण खोली आटपली का, मुलगी झाली एवढंच कळलं, नाव कळलं नाही. वाशिष्ठीचं पाणी या वर्षी कुठवर आलं? तू परसात लावलेले हापूस कुणी खाल्ले, तू की माकडांनी? गणपतीआधी ये, कुंभार्ली घाट उघडा असेल तर एसटीनं तीन-चार तास. तुझी खाट माळ्याखालच्या खोलीत घालतो, तिथं साधी गादी आहे.

तुझा,
पद्या

ता.क. छत्तीस चुंबकं बिस्किटाच्या डब्यात माळ्यावर आहेत. डबा लोखंडी ट्रंकेला असा चिकटलाय की निघत नाही, येशील तेव्हा दोघं मिळून ओढू. राणी माझ्या खणात आहे. स्ट्रायकर १९७९पासून तुझ्याकडे आहे, नाही म्हणू नकोस, तो घेऊन ये.