पणजोबांची दुर्बीण आणि सरांचा "घासू नका"

सर नमस्कार,

त्या दिवशी फोनवर नुसतं थँक्यू म्हणून ठेवून दिला आणि नंतर चुटपुट लागून राहिली, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, दिवाळीला माळा काढला तेव्हा सागवानी पेटीत पणजोबांची पितळी दुर्बीण सापडली. ते कालव्यावर ओव्हरसीअर होते, नीरेच्या बाजूला. पण घरात लहानपणापासून ऐकलेलं काय, तर ही हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या एव्हरेस्ट साहेबाच्या वेळची! वर त्याच्यावर ट्रॉटन अँड सिम्स असं कोरलेलं वाचता आलं, नेटवर बघितलं तर मोजणीची उपकरणं बनवणारी ही लंडनची जोडी १८२६ पासूनची, झालं, मी अख्ख्या खानदानाला दोनशे वर्षं जुनी म्हणून सांगून मोकळा. बायको तर पितांबरी घेऊन बसलीच होती.

नशीब आधी तुम्हाला फोटो टाकला. तुमचं पहिलं उत्तर दोन शब्दांचं, घासू नका. मग कळलं की पितळेवर कारखान्यातच लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, चढवलेलं असतं, ते गेलं की गेलं, आणि अक्षरांत भरलेलं काळंही निघून जातं. नावाच्या डाव्या बाजूला हिरवट डाग होता तिथे तुम्ही टॉर्च आडवा धरून फोटो काढायला सांगितलात. तो काढला आणि डागाखालून "कूक" उगवलं! यॉर्कच्या कूकवाल्यांनी ट्रॉटन अँड सिम्स घेतली ती १९२२ मध्ये, म्हणजे तिन्ही नावं एकत्र असली की माल त्यानंतरचाच. एव्हरेस्ट साहेब १८४३ लाच हिंदुस्थान सोडून गेलेले. खानदान आता माझ्याशी जरा कमी बोलतं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की तुम्ही नावावर थांबला नाहीत. नावाची पट्टी बदलता येते म्हणालात, फोकसचा स्क्रू फिरवून नळी लांब होते का बघा. नाही झाली. जुन्या दुर्बिणींत नळी आतबाहेर सरकते, आतल्या आत भिंग सरकवायची युक्ती हाइनरिश विल्डने जर्मनीच्या झाइस कंपनीत १९०८ च्या सुमाराला काढली आणि मग इंग्रज कंपन्यांनी उचलली, म्हणजे हा पुरावाही त्याच बाजूचा. पणजोबा रिटायर झाले १९३८ ला, म्हणून हिचा जन्म मधल्या सोळा वर्षांतला. एवढं नेमकं तर आमच्या आजीचंही माहीत नाही.

आणि हो, मी तिला थिओडोलाइट थिओडोलाइट करत होतो, तुम्ही न हसता सांगितलंत की कोन मोजायचं वर्तुळच नाही हिला, ही लेव्हल, फक्त उंचीतला फरक बघायची. कालव्याला मैलाला फूट-अर्धा फूट उतार द्यायचा तर हीच लागणार ना! आतून शेजारची तुळस उलटी दिसली तेव्हा मी बिघडली समजून कपाळाला हात लावला होता, तर म्हणे चित्र सरळ करायला जास्तीची भिंगं घातली की उजेड कमी होतो म्हणून मुद्दामच उलटं ठेवायचे, नि समोर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे आकडे उलटे वाचायची लोकांना सवयच असायची. पणजोबा सगळी नोकरी उलटं जग बघत होते, हे मला जाम आवडलंय, एव्हरेस्टपेक्षाही.

तुम्ही पॉलिटेक्निकला सर्व्हेइंग शिकवून रिटायर झालात, माझी ओळख ना पाळख, तरी चार दिवस रात्री साडेदहापर्यंत माझे बाळबोध प्रश्न झेललेत. पैशाचं विचारलं तर रागावलात. मनापासून आभार सर.

एक राहिलंच. तिपाई कुठाय असं तुम्ही तीनदा विचारलंत ना, ती सापडली. गावाला गोठ्यामागे, तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय काकांनी. पाय शाबूत आहेत. दोडकी संपली की फोन करतो, दुर्बीण चढवायला तुम्हीच यायचं.