अप्पांच्या वर्षश्राद्धाआधी, आई-बाबांना

हैदराबाद

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी तात्याकाका असतात, म्हणून पत्र.

काकांनी अप्पा आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सचा नमुना पाठवलाय. वर तिरंगा, मागे रणगाडा, कडेला मशीनगन आणि मध्ये आपले अप्पा, तेही कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापलेले, फेटा तसाच डोक्यावर. खाली मोठ्या अक्षरात 'रणझुंजार'. बाबा, अप्पा पायदळातले. आयुष्यभर चालले ते, आधी पलटणीबरोबर आणि नंतर माउलींबरोबर. रणगाड्याशी त्यांचा काय संबंध? काकांचं प्रेम मला कळतं, पण हा फ्लेक्स चौकात लागू नये असं मला मनापासून वाटतं. गावातली आज शाळेत असलेली पोरं अप्पांना त्या फ्लेक्सवरूनच ओळखतील, आणि त्यात अप्पा नाहीतच.

आपल्याकडे अप्पांची दोन खाती पडली आहेत. काकांच्या खात्यात फौजी अप्पा, आईच्या खात्यात माळकरी अप्पा. आई, तू तर परवा म्हणालीस की फौजेतून सुटले आणि देवाला लागले. तसं नव्हतं गं. १९५८ ला बेळगावला भरती झाले तेव्हा गळ्यात माळ होतीच. कसम परेडला गीतेवर हात ठेवला तो माळ घालूनच. लंगरमध्ये मटणाचा दिवस असला की हे दुधाच्या लाइनीत. रविवारी मंदिर परेड असायची, पण ती सगळ्यांचीच. हरिपाठ मात्र यांचा एकट्याचा, रोजचा. हवालदार झाल्यावर सेक्शनमधली चार पोरं संध्याकाळी शेजारी बसू लागली म्हणायचे, त्यातली दोन विठ्ठलासाठी आणि दोन पहारा चुकवायला.

लढाईबद्दल ते किती कमी बोलले! गावात कुणी खोदून विचारलं की "जंगी पलटण, जमालपूर" एवढं सांगून चहा मागवायचे. जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. मी दहावीत इतिहासाचं पुस्तक घेऊन मागेच लागले तेव्हा थोडं सांगितलं, उरलेलं मी नंतर वाचलं. १९७१ चा डिसेंबर, बांगलादेशची लढाई. यांची पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे गेली आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसली. आत पाकिस्तानची ३१ बलुच पलटण. आपले ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली, तर पलीकडच्या कर्नल सुलतान अहमद यांनी जवाबाच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला आणि ते थेट यांच्याच खंदकांवर येऊन आदळले. सकाळी जमालपूर पडलं. पुढे टांगाइलजवळ पुंगलीच्या पुलावर हवाई छत्रीने उतरलेल्या पॅराच्या जवानांची गाठ पडली, आणि मग ढाका. हे सगळं पुस्तकात आहे.

पुस्तकात नाही ते हे. त्या सकाळी शेतात पडलेल्यांना पुरायचं काम अप्पांच्या वाट्याला आलं. खड्डे खणून झाल्यावर तोंड कुठल्या दिशेला करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. अप्पांनी कैद्यांतल्या एका वयस्कर माणसाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, काबा इथून पश्चिमेला. मग सगळ्यांना तसं निजवलं. सांगताना अप्पांचा आवाज हलला-बिलला नाही. अशा कामाची चौकशी करावी लागते, एवढंच म्हणाले, जसं काही रेशनचा हिशेब सांगतायत.

आणि सर्वपित्रीचं ते जास्तीचं पान. लहानपणी मला वाटायचं आजी मोजायला चुकते. ते जमालपूरचं पान होतं, बाबा. आपल्या पलटणीतल्यांचं की त्या शेतातल्यांचं, असं मी विचारलं होतं. "पान एकच आहे," म्हणाले आणि उठून गेले. असला माणूस मशीनगनीशेजारी चिकटवायचा?

आता तुमच्याबद्दल लिहू का बाबा? तुम्ही नेहमी म्हणता, "मला वडील १९८२ साली मिळाले, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो." तुम्ही हसत म्हणता, पण ते हसण्यासारखं नाही. तुमच्या मुंजीला ते नव्हते, तुमचे आजोबा गेले तेव्हा तार पोचेपर्यंत दहावा उलटून गेला होता. ५६ एपीओवरून, म्हणजे फौजेच्या टपालातून, आंतरदेशीय पत्र यायचं ते शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे, कारण आजीला वाचता येत नव्हतं. गुरुजी वाचणार, सासू ऐकणार, म्हणून अप्पा बायकोची चौकशी गाईच्या नावाने करायचे. "गाईला थंडीची जपा, तिच्याकडून जास्त काम घेऊ नका." आजी हे अजून सांगते आणि पदर तोंडाला लावते. एकदा खरी गाय आजारी पडली तेव्हा पत्रातून काय गोंधळ झाला असेल, देव जाणे.

घरी आल्यावर आम्हा नातवंडांना आंघोळीसाठी फॉल-इन करायचे, ते तुमच्या वाट्याचं राहिलेलं आमच्यावर काढत होते असं मला आता वाटतं. आजीचा पाय मोडला तेव्हा भाकरी थापायला शिकले. पहिल्या आठवड्याच्या भाकरी कंपनीच्या नकाशासारख्या होत्या, पण कुणाची बोलायची छाती नव्हती.

वारीत त्यांच्याबरोबर मी लोणंद ते फलटण चालले होते, कॉलेजात असताना. मला वाटलं होतं तिथे ते वेगळे असतील, डोळे मिटून नाचणारे वगैरे. छे! हातात वही, पाल ठोकलं का, टँकर आला का, दिंडीतली म्हातारी माणसं सगळी पोचली का. प्रत्येक मुक्कामी मोजदाद. त्यांचा सगळ्यात आवडता क्षण म्हणजे संध्याकाळची समाज आरती. चोपदार चोप उंच करतात आणि अख्खा तळ गप्प होतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. "हेच आमचं सैनिक संमेलन," अप्पा खूश होऊन सांगायचे, "जवानाने कमांडिंग ऑफिसरसमोर बोलायचं. पण आमच्याकडे टाळ नव्हते."

हा सोहळा शिस्तीत बांधला तो हैबतबाबांनी, आपल्याच साताऱ्यातल्या आरफळचे, शिंदे सरकारांच्या चाकरीतले सरदार. म्हणजे एका फौजी माणसानेच. माउलींचे अश्व येतात तेही शितोळे सरकारांच्या अंकलीहून, बेळगाव जिल्ह्यातून चालत. अप्पा अश्वांच्या पाया पडताना म्हणायचे, "आमच्या सेंटरच्या बाजूचे पाहुणे." सेंटर म्हणजे त्यांच्या रेजिमेंटचं बेळगावचं केंद्र. माझं म्हणणं इतकंच आहे की त्यांच्या लेखी भरती एकदाच झाली होती.

तेव्हा असं करता येईल का? फ्लेक्स रद्द. पत्रिकेवर तो बेळगावचा छोटा काळा-पांढरा फोटो घ्या, कानाच्या पाळ्या बाहेर आलेला; माळ दिसत नाही, पण आहे. खाली हुद्दा, पलटण आणि 'वारकरी', बस. कीर्तन ठेवा, पण बुवांना आधी सांगा की पाकिस्तानवर फटकेबाजी नको. फ्लेक्सचे पैसे दिंडीच्या टँकरला द्या. तात्याकाकांना मी सांगते, माझ्यावर ते फार वेळ रागावत नाहीत. पत्रिकेचा मजकूर त्यांनाच लिहू दे, अक्षर त्यांचं सुरेख आहे.

आई, यंदा सर्वपित्रीला तुझे गुडघे दुखत असतील तर स्वयंपाक बाहेरून सांग. पानं मात्र आजीला विचारून मांड.

आणि बाबा, आजीच्या फॅमिली पेन्शनचं. डिस्चार्ज बुकात आणि आधार कार्डावर नावात एका अक्षराचा फरक आहे, त्यावर अडलंय. तुम्ही एकटे हेलपाटे घालू नका, तुमचं डोळ्याचं ऑपरेशन होऊन किती दिवस झालेत? डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आजीचं आधार आणि बँकेचं पासबुक अप्पांच्या काळ्या ट्रंकेत एका पिशवीत काढून ठेवा. मी दोन दिवस आधी येते. प्रतिज्ञापत्र करू आणि साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालयात बरोबरच जाऊ. आजीलाही घेऊ, तिला अंगठा उठवायचा नसतो, सही करायची असते.

तुमची लेक