‘नाहीं’वरचा अनुस्वार आणि चार टक्क्यांचा दाखला

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मराठीतून निघणाऱ्या एका छोट्या संशोधन त्रैमासिकाचं संपादन मी करते. गेल्या वर्षी आमच्याकडे जात्यावरच्या ओव्यांवर एक लेख आला. सोबत महाविद्यालयाचा सही-शिक्क्याचा दाखला होता : साम्य ४ टक्के. म्हणजे वाङ्मयचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला लेखातला चारच टक्के मजकूर इतरत्र सापडला होता. लेख चांगला वाटत होता. सहाव्या पानावर मात्र ‘नाहीं’ दिसलं, ‘ही’वर अनुस्वार असलेलं. पुढच्या परिच्छेदात ‘कांहीं’. हे अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले. आजचा तरुण प्राध्यापक ते देत नाही, आणि देत असता तर लेखभर दिले असते. ग्रंथसंग्रहालयात दोन दुपारी घालवल्यावर मूळ पुस्तक हाती लागलं. अकरा पानं जशीच्या तशी उचलली होती. अनुस्वार पुसता पुसता दोन-तीन राहून गेले होते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या जुन्या लेखकानं गावोगाव हिंडून बायकांकडून ओव्या उतरवून घेतल्या होत्या. प्रस्तावनेत गावांची नावं आहेत. नव्या लेखात तीच गावं ‘माझ्या क्षेत्रभेटी’ म्हणून आली.

मग ४ टक्के कसे आले? सॉफ्टवेअर आपल्या साठ्यातल्या मजकुराशी लेखातली वाक्यं ताडून बघतं, एवढंच त्याचं काम. जे पुस्तक साठ्यात नाही, ते त्याच्या लेखी नाहीच. मराठीतली किती पुस्तकं, किती जुने मासिकांचे अंक त्या साठ्यात असतील? पुष्कळ प्रबंध स्कॅन केलेली चित्रं म्हणून पडून आहेत. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण यंत्राला आत रोमन अक्षरांचा गोंधळ सापडतो. इंग्रजी लेख उचलून मराठीत आणला तर शब्दाला शब्द जुळत नाही. उलट, तुकोबांचे अभंग नीट संदर्भ देऊन उद्धृत करणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थिनीचा आकडा फुगतो, कारण अवतरणं वगळण्याची खूण करायची राहून जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचोरीविषयीच्या २०१८च्या नियमांत साम्याच्या १०, ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. ‘शोधशुद्धी’ योजनेतून २०१९पासून विद्यापीठांना सॉफ्टवेअरही मिळू लागलं. या दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण त्यातून सवय अशी लागली की मार्गदर्शक विचारतात, ‘किती टक्के आले?’ कुठली वाक्यं जुळली, कोणाची होती, हे पाहायला अहवाल कोणी उघडतच नाही.

आम्ही रीतीप्रमाणे आधी लेखकाकडे खुलासा मागितला. उत्तर आलं, ‘मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये तर चारच टक्के आहे.’ लेख नाकारला. दोन्हीकडची पानं शेजारी शेजारी ठेवून झेरॉक्स काढल्या आणि प्राचार्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. अशी तक्रार तपासायला नियमांत विभागाच्या सचोटी समितीला ४५ दिवस आणि संस्थेच्या सचोटी समितीला त्यापुढे ४५ दिवस दिले आहेत. आम्हाला साधी पोचही आली नाही. काही महिन्यांनी तोच लेख दुसऱ्या एका नियतकालिकात छापून आला. यावेळी एकही अनुस्वार राहिला नव्हता.

म्हणजे आमच्या तपासणीचा उपयोग त्या लेखकालाच झाला. हे लिहिताना अजून हात जड होतो.

फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगानं मान्य संशोधन नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी थांबवली. कोणतं नियतकालिक विश्वासाचं, हे आता संस्थांनीच ठरवायचं आहे. अशा वेळी संपादकाचं पत्र टपालाच्या ढिगात जाऊन चालणार नाही. राज्यातल्या विद्यापीठांना आणि संलग्न महाविद्यालयांना आपण इतकंच कळवा, की पुराव्यानिशी आलेलं संपादकाचं पत्र सचोटी समितीपुढे ठेवायचं आणि निर्णय संपादकाला लेखी कळवायचा. साम्य अहवालावर विषय जाणणाऱ्या माणसाची सही घ्या, आणि ती आकड्याखाली नको, जुळलेल्या उताऱ्यांखाली हवी.

दुसरं काम मोठं आहे, पण सुरुवात झालेली आहे. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मीळ ग्रंथ स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आहेत. मराठी भाषा विभागाशी बोलून त्या पानांचं शोधता येईल अशा युनिकोड मजकुरात रूपांतर करून घ्या. रिद्धपूरचं मराठी भाषा विद्यापीठ हे काम अंगावर घेऊ शकेल. तो साठा तपासणीच्या सॉफ्टवेअरला जोडला जावा, आणि यापुढे मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत.

त्या अकरा पानांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत. आपल्या कार्यालयानं वेळ दिली तर मूळ पुस्तकासह घेऊन येते.

आपली,
एका मराठी संशोधन त्रैमासिकाची संपादक