पदकाच्या कडेवरचं नाव उतरवून ठेवूया

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व आजी-माजी सैनिकांच्या कुटुंबांना मंडळातर्फे नमस्कार.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेले होते. परत आल्यावर त्यांना चांदीचं पदक मिळालं. 1972 च्या दुष्काळात आजीनं ते सोनाराला दिलं. तिचं काही चुकलं नाही, घरात ज्वारी नव्हती आणि ती स्वतः खडी फोडायला जात होती. पण त्या पदकाच्या कडेवर पणजोबांचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली होती. ती अक्षरं कुणीच कागदावर उतरवली नाहीत. पुढे आजोबा इटलीत लढले, वडील 1971 च्या युद्धात होते, आज भाचा सीमेवर आहे. चार पिढ्या झाल्या, पण पहिल्याची पलटण कोणती, हे आम्हाला सांगता येत नाही.

जे परतलेच नाहीत त्यांचं तर याहून वाईट झालं. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर आपल्या पलटणींतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, शिपायांची मात्र नुसती संख्या. या भेदभावाबद्दल युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं 2021 मध्ये माफी मागितली. त्यांच्याबद्दलची घरची माहिती मात्र आपल्याच ट्रंकांमधून निघायची आहे. काही पलटणी तर फार लवकर मोडल्या. 111 महार 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. त्यातल्या कुणाचा कागद तुमच्या घरात असेल, तर तो वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका.

म्हणून करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत घरोघरच्या नोंदींची एक वही करायला घेतली आहे. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, फोटो, पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, काहीही चालेल. तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ वस्तू तिथंच परत देऊ, ठेवून घेणार नाही. कागदावर 110 मराठा लिहिलं असेल आणि घरात सगळे पाचव्या मराठ्याची तिसरी बटालियन म्हणत असतील, तर गोंधळू नका. 1922 मध्ये आकडे बदलले, पलटण तीच. घरची बोली मराठी असो, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू, नोंद सगळ्यांची होईल. ज्या आज्या-आयांनी मागे राहून शेत आणि लेकरं सांभाळली, त्यांच्या आठवणीही आम्हाला हव्या आहेत. त्या कुठल्याच लष्करी कागदात नसतात.

कळकळीची विनंती, पदक चिंच लावून घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. जुना कागद लॅमिनेटही करू नका.

आम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे ती मोडी वाचणाऱ्यांची. जुनी पत्रं हातात आहेत, पण ती वाचता येईनात. फौजेतली रोमन लिपीतली उर्दू वाचणारं कुणी असेल तर तेही हवेत. स्कॅनर सध्या उसना आणला आहे. तो विकत घ्यायला आणि कागद टिकवणाऱ्या फोल्डरांसाठी ज्याला जमेल तेवढी रक्कम द्यावी. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि हिशेब बैठकीत वाचला जाईल.

7 डिसेंबरच्या ध्वजदिनी वहीतली पहिली नावं मोठ्यानं वाचायची आहेत. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बोलतं आहे तोवर त्यांच्याजवळ बसा, गाव, साल आणि पलटण विचारून घ्या. हा निरोप ज्यांच्याकडून आला, त्यांनाच कळवा. आजारी किंवा वयस्कर मंडळींच्या घरी आम्ही स्वतः येऊ.

मंडळाचे कार्यकर्ते,
सोलापूर