बार्शी लाइटची इंग्लंडमधली धाकटी बहीण

प्रति,
मा. संपादक

स. न. वि. वि.

आपल्या बार्शी लाइटच्या, म्हणजे इथल्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या धर्तीवर एक रेल्वे इंग्लंडमध्ये बांधली गेली होती, ही गोष्ट बार्शी-कुर्डुवाडी भागात फारशी कुणाला ठाऊक नाही. ती सगळ्यांना ठाऊक व्हावी, म्हणून हे पत्र.

मुलीकडे मँचेस्टरला गेलो असताना जवळच्या स्टॅफर्डशायरमधले ह्यूम एंड हे गाव मुद्दाम पाहून आलो. मोजकी घरे, मॅनिफोल्ड नदी आणि जुना दगडी पब. पब म्हणजे तिथल्या गावचा पारच. आज त्याचे नाव मॅनिफोल्ड इन असले, तरी एकेकाळी ते 'लाइट रेल्वे हॉटेल' होते. जेमतेम तेरा किलोमीटरच्या रेल्वेचे हे शेवटचे स्टेशन. ती 1904 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंदही पडली.

या रेल्वेचे इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे आपली बार्शी लाइट उभारणारेच. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत असताना त्यांनी हा मुलूख पाहिला आणि अडीच फुटी रुळांची स्वस्त पण दणकट गाडी इथे चालेल, हे हेरले. गाडीचे ओझे पुष्कळ चाकांवर वाटायचे, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळही पुरतात, असे त्यांचे गणित होते. डबे इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ रूळ टाकून त्यांच्या चाचण्या घेतल्या. 1897 मध्ये बार्शीला गाडी आली आणि पुढे 1927 पर्यंत हाच फाटा मिरज ते लातूर असा सुमारे सव्वातीनशे किलोमीटर पसरला. आषाढीला टपावर बसून पंढरीला गेलेली माणसे आजही आपल्यात आहेत.

इथे जमलेले तंत्र कॅलथ्रॉप यांनी मग मॅनिफोल्डच्या खोऱ्यात नेले. तिथल्या जुन्या फोटोंतले इंजिन पाहून मी थबकलोच. पुढे भला मोठा दिवा आणि मागे दोन्ही टोकांना सज्जे असलेले डबे, सगळा थाट हिंदुस्थानी. दोनपैकी एका इंजिनाला कॅलथ्रॉप यांचेच नाव दिले होते. मोठ्या रुळांवरचे वाघिणीचे डबे जसेच्या तसे छोट्या गाडीवर चढवून नेण्याची सोयही त्यांनी केली होती. खोऱ्यातले दूध याच गाडीने निघून लंडनपर्यंत जाई.

गाडी बंद पडली तरी तिथल्या लोकांनी तिची आठवण पुसू दिली नाही. रूळ काढलेल्या वाटेवर 1937 पासून पायवाट आहे. स्टेशनच्या इमारतीत माहिती केंद्र आहे, इंजिन शेडच्या जागी चहाचे दुकान. मी बार्शीचा, असे सांगितल्यावर तिथल्या एका आजोबांनी वारीच्या गाड्यांबद्दल इतके बारीकसारीक विचारले की मला अभिमानही वाटला आणि वाईटही. त्यांची रेल्वे तीस वर्षे चालली. आपली शंभरीपार धावली, आणि त्यांच्या रेल्वेचा नमुनाही आपलीच.

ब्रॉडगेज आले, हे चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुर्डुवाडी, बार्शी आणि पंढरपूर स्टेशनांवर या इतिहासाचा ठसठशीत मराठी फलक रेल्वेने लावावा. स्टेशनासमोरच्या हॉटेलवाल्यांनी बार्शी लाइटचे जुने फोटो मिळवून भिंतीवर लावावेत, त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. आणि कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेल्या निवृत्त कामगारांच्या आठवणी भागातल्या महाविद्यालयांनी याच वर्षी ध्वनिमुद्रित करायला घ्याव्यात. या मंडळींचे वय पाहता हे काम आणखी लांबवता येणार नाही.

आपला,
एक वाचक, बार्शी