वैशू, लेकरं ने; पण आधी हे वाच

परभणी,
रविवार

प्रिय वैशू,

आत्याबाई म्हणायल्यात की लेकरांना जुगाराच्या अड्ड्यावर कुठं नेता, आणि भाऊजी म्हणायलेत की कंपनीनं दुकानदारांसाठी काढलेली मलेशिया-सिंगापूरची टूर आहे, मोठं हॉटेल आहे, काही होत नाही. दोघांच्या मधे तुझा जीव टांगलेला. मला विचारशील तर पोरांना ने. आत्याबाईंना ज्याची भीती आहे ते होत नाही. भाऊजींच्या लक्षात जे येत नाही, ते मात्र हमखास होतं.

आपल्याकडं जुगार म्हटलं की काय डोळ्यांपुढं येतं? शेतातल्या आखाड्यावर रंगलेलं तिर्रट, पानटपरीमागं लिहिला जाणारा मटक्याचा आकडा, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अड्ड्यावर छापा, मुद्देमाल जप्त’. मलेशियातल्या गेंटिंगला, जिथं तो कसिनो आहे, गेल्यावर हे चित्र आधी डोक्यातून काढावं लागतं. क्वालालंपूरपासून तासाभरावरचा, साधारण सहा हजार फूट उंचीचा डोंगर. लिम गो टोंग नावाच्या चिनी वंशाच्या कंत्राटदारानं तिथं जंगलातून रस्ता काढला आणि १९७१ साली पहिलं हॉटेल उघडलं. आता एकट्या फर्स्ट वर्ल्ड हॉटेलच्या ७३५१ खोल्या आहेत. आजीआजोबा, बाळाच्या गाड्या, शाळेच्या सहली, सगळं तिथं. वर जायला रोपवे, वाटेत चिन स्वी देवळाचं स्टेशन लागतं, तिथं उतरा. नऊ-दहा मजली पॅगोडा आहे आणि सगळीकडं ढग. माझ्या लेखी तीच सगळ्यात छान जागा, आणि ती फुकट आहे.

कसिनोत एकवीस वर्षांखालच्याला पाऊल टाकू देत नाहीत. मलेशियात मुसलमानांनाही बंदी आहे. आमच्या ग्रुपमधले एक मुस्लीम दुकानदार दारावरची पाटी वाचून माघारी फिरले आणि लेकरांना घेऊन थेट पाळण्यांकडं गेले. सगळ्या टूरमध्ये खरी मजा त्यांच्याच पोरांनी केली, हे मी परत येताना विमानात सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. आमच्या ह्यांना ते आवडलं नाही.

म्हणजे बघ, नियम चांगलाच आहे, पण त्या नियमानं दारात कुटुंबाचे दोन भाग होतात. एक आत जातो, एक लेकरांपाशी थांबतो. थांबणारं माणूस कोण असतं, ते तुला सांगायला नको. ‘जरा बघून येतो’ म्हणून हे गेले. आत घड्याळ नाही, खिडकी नाही, खेळायला बसलं की फोन उचलायचा नाही. बाहेर शिवू माझ्या मांडीवर झोपलेला, ओवीला लघवीला लागलेली, पर्स कुठं ठेवू ते कळेना. माझ्या आजूबाजूला आपल्याच ग्रुपच्या चार बायका, प्रत्येकीजवळ एक पेंगणारं लेकरू. एसटी स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघत बसावं तशी आमची रांग. नवरे हरलेत की जिंकलेत याची एकीलाही काळजी नव्हती. जेवणाची वेळ टळून चालली होती, ती होती.

म्हणून सांगते, पाळ्या घरीच ठरवून जा. इथं, परभणी-लातुरात, आत्याबाईंसमोर. तिथं गेल्यावर ठरवू म्हणशील तर काही ठरत नाही. तुलाही एकदा आत जाऊन यायचं असेल तर जा गं, बघायला काय हरकत आहे. सगळी गंमत फक्त भाऊजींनीच का बघावी? तू आत असशील तेव्हा ते पोरांपाशी. आणि खेळायचे पैसे निघतानाच वेगळ्या पाकिटात काढून द्यायचे, ते संपले की संपले. कार्ड तुझ्या पर्समध्ये.

गंमत बघ, पुढं सिंगापूरला युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये हाच प्रश्न त्यांनी किती सोपा केलाय. मोठ्या राइडसाठी उंचीची अट असते. शिवू बसला नाही. तर एकानं बसून यायचं, दुसऱ्यानं लेकरू सांभाळायचं, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून रांग लावावी लागत नाही. दोघांचीही हौस होते. कसिनोवाल्यांना अशी सोय कशाला सुचेल?

सिंगापूरच्या सरकारला मात्र बऱ्याच गोष्टी सुचल्यात. मरीना बे सँड्स आणि सेंटोसाचं रिसॉर्ट्स वर्ल्ड, दोन्ही कसिनो २०१० साली सुरू झाले. परदेशी पाहुण्यानं पासपोर्ट दाखवला की आत. पण तिथल्याच माणसाला एका दिवसासाठी दीडशे सिंगापूर डॉलर नुसता प्रवेशकर द्यावा लागतो. आधी शंभर होता, २०१९ मध्ये वाढवला. आणि सगळ्यात भारी म्हणजे, घरच्यांनी अर्ज केला तर त्या माणसाला कसिनोची दारं बंद करता येतात. बायको अर्ज करू शकते, वैशू! आपल्या तालुक्यात असा फॉर्म मिळाला असता तर झेरॉक्सवाल्याला श्वास घ्यायला सवड मिळाली नसती. आपल्या राज्यानंही १९७६ साली कसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

एका बाबतीत आत्याबाईंचं खरं आहे, पण त्यांचं बोट चुकीच्या दाराकडं. कसिनोच्या दारात रखवालदार असतो. त्याच्या बाजूलाच पोरांचे गेम असतात, तिथं कुणीच नसतं. पैसे टाकायचे, लोखंडी पंजा खाली येतो, बाहुली धरतो आणि अगदी कडेला आणून सोडतो. लाइट लागतात, गाणं वाजतं, ‘आता मिळालीच असती’ असं वाटतं, आणि पोरगं परत हात पुढं करतं. ओवीनं तिथं जे तोंड केलं होतं ते मी आखाड्यावरून उठून आलेल्या माणसाचं पाहिलेलं आहे. तशी मशीन आता आपल्याकडच्या मॉलमध्येही आहेत, म्हणून फक्त त्या डोंगराला बोल लावायला नको. पण तिथं वेळ काढायला दुसरं काही सुचत नाही, म्हणून पाय तिकडंच वळतात. तू वळू देऊ नकोस. पाऊस नसेल तर बाहेरच्या थीम पार्कमध्ये ने.

पोरं विचारतीलच आत काय आहे. लपवू नकोस. मी ओवीला सांगितलं, मोठी माणसं पैसे लावून खेळतात आणि बहुतेक वेळा हरतात. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला, कंपनीचे साहेब टेबलावर असताना, तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही किती हरलात?” साहेबांनी इडलीत तोंड घातलं. त्या रात्री हे आमच्याबरोबर खोलीतच होते.

बाकी बारीकसारीक. दिवाळीनंतर तिकडं पाऊस असतो आणि वीज चमकायला लागली की बाहेरचे पाळणे बंद करतात, तर वर दोन रात्री राहणार असाल तर पहिल्याच कोरड्या सकाळी पार्क उरकून घ्या. परभणीच्या उन्हात वाढलेल्या पोरांना तिथं थंडी वाजते, स्वेटर लागतोच. धपाटे, शेंगदाण्याची चटणी भरपूर घे. सिंगापूरला च्युइंगम नेऊ देत नाहीत, निघताना पोरांचे खिसे तपास. सिंगापूरचा व्हिसा लेकरांचाही लागतो, आणि कंपनी खर्च बहुतेक फक्त दुकानदाराचा करते. तुझं आणि पोरांचं किती पडेल ते एजंटाकडून लिहून घे, तोंडी नको.

शिवूचा रेनकोट त्याला आता आखूड होतो, तुझ्या धाकट्याला बरोबर बसेल. गुरुवारी आमच्या शेजारचे लातूरला येणार आहेत, त्यांच्याकडं देऊ का ते कळव.

तुझीच,
मंजू